व्होल्गेपासून जुन्नरपर्यंत

शाळेंत गेलेल्या प्रत्येक मुलाला वास्को द गामाचें नांव ठाऊक असतें. १४९८ सालच्या मे महिन्यांत तो कालिकतच्या किनाऱ्यास लागला आणि युरोपांतून हिंदुस्थानास येण्याचा जलमार्ग खुला झाला, हें वाक्य परीक्षेपुरतें कां होईना, सर्वांच्या जिभेवर बसलेलें असतें. परंतु त्याच्याही आधीं वीसांहून अधिक वर्षें, युरोपच्या उत्तरेकडील एका बर्फाळ प्रांतांतून निघालेला एक व्यापारी नद्या, डोंगर आणि वाळवंटें तुडवीत होर्मुझपर्यंत आला होता, तेथून चौलच्या बंदरांत उतरला होता, आणि एक सबंध पावसाळा त्यानें जुन्नरास काढला होता, ही गोष्ट फारशी कोणास माहीत नसते. त्याच्यापाशीं तोफा नव्हत्या, राजाचा झेंडा नव्हता, आणि परत गेल्यावर त्याचा सत्कार करावयास कोणताही दरबार बसला नव्हता. एक घोडा आणि एक टिपणवही, एवढीच त्याची दौलत. त्यांतला घोडा बिदरास विकला गेला. वही मात्र पांच शतकें टिकली.

या माणसाचें नांव अफनासी निकितिन, म्हणजे निकिताचा मुलगा अफनासी. हिंदुस्थान पाहणारा तो पहिला युरोपीय होता असें नव्हे. व्हेनिसचा निकोलो कोंती त्याच्या आधीं येऊन गेला होता. पण मराठी मुलुखांतला पाऊस, चिखल, घोड्याचा चारा, बंदरावरची जकात आणि सामान्य माणसाचें वस्त्र यांची इतकी साधी आणि जवळून केलेली नोंद त्या काळच्या परकीय लिखाणांत विरळा. निकितिन त्वेर शहरचा रहिवासी. मॉस्कोच्या वायव्येस, व्होल्गा नदीच्या वरच्या अंगास हें शहर आहे. पंधराव्या शतकांत त्वेर हें स्वतंत्र राज्य होतें. त्याची मॉस्कोशीं पिढ्यान् पिढ्या चुरस चाललेली होती, आणि अखेर १४८५ सालीं मॉस्कोनें तें गिळंकृत केलें. सभोंवार अरण्य आणि दलदल. नदी हिंवाळ्यांत गोठून जावयाची. बर्फ वितळला म्हणजे नावा सुटावयाच्या. महाराजाचा परवाना आणि बिशपाचा आशीर्वाद घेऊन, शहरांतील ख्रिस्त-तारकाच्या मुख्य मंदिरापासून आपण प्रस्थान ठेवलें, असें निकितिन आरंभींच नमूद करतो. जुन्या विद्वानांनीं या प्रवासाचीं वर्षें १४६६ ते १४७२ अशीं धरलीं होतीं. नंतरच्या संशोधकांनीं तीं सुमारें दोन वर्षें पुढें आणलीं.

त्या मंदिराची आणि त्या शहराची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियांत कम्युनिस्ट राजवट आली. १९३१ सालीं त्वेरचें नांव पुसून एका सोव्हिएट पुढाऱ्याच्या नांवावरून शहरास कालिनिन म्हणूं लागले, आणि तें नांव १९९० पर्यंत चाललें. निकितिन जेथून निघाला त्या जागीं सतराव्या शतकांत बांधलेलें थोरलें मंदिर उभें होतें. १९३५ सालीं तें सुरुंग लावून उडविण्यांत आलें. त्यानंतर वीस वर्षांनीं, १९५५ सालीं, त्याच शहरांत व्होल्गेच्या कांठीं त्याच राजवटीनें निकितिनचा भव्य पुतळा उभारला. नावेच्या आकाराचा चबुतरा, नाळेवर घोड्याचें मस्तक, आणि वर दूरवर दृष्टि लावून उभा असलेला व्यापारी. प्रार्थना करून निघालेल्या माणसाचा सन्मान झाला, पण जेथें त्यानें प्रार्थना केली ती वास्तु भुईसपाट झाली. (सोव्हिएट राजवट गेल्यावर तें मंदिर त्याच जागीं पुन्हां बांधण्यांत आलें.) या दोन घटना शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे इतिहासाच्या वाचकास एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. राजसत्ता जेव्हां एखाद्या माणसाची आठवण जतन करते, तेव्हां ती त्या माणसाचा किती भाग ठेवते आणि किती टाकून देते?

निकितिनच्या वाटेनेंच पुढें गेलें तर या प्रश्नाचें उत्तर पायरीपायरीनें मिळत जातें. त्वेरहून निघालेली नाव कल्याझिन येथील मठापाशीं थांबली. तेथील मठाधिपति मकारी हे त्या काळचे थोर सत्पुरुष. निकितिननें त्यांचा आशीर्वाद घेतला. आज तो मठ शोधूं गेल्यास पाणीच दिसतें. सोव्हिएट सरकारनें १९३० नंतर व्होल्गेवर धरणांची माळ घातली. उग्लिचच्या धरणाच्या वेळीं, १९४० च्या सुमारास, मकारींचा मठ पाडण्यांत आला आणि त्याची जागा जलाशयाखालीं गेली. जुन्या कल्याझिन गांवाचा मोठा भागही बुडाला. गांवांतल्या दुसऱ्या एका मंदिराचा, १८०० सालीं पुरा झालेला, सुमारें ७४ मीटर उंचीचा घंटेचा मनोरा तेवढा शिल्लक राहिला. पाण्याच्या मधोमध एकटाच वर आलेला हा मनोरा पाहावयास आज दूरदूरचे प्रवासी जातात. त्याच वाटेवर आणखी खालीं, रिबिन्स्कच्या जलाशयांत मोलोगा नांवाचें सबंध शहर १९४१ नंतर गडप झालें. देशाला वीज हवी होती आणि कारखाने हवे होते, हें खरें. पण ज्या मराठी माणसानें १९२१ सालच्या मुळशी सत्याग्रहाची हकीकत वाचली आहे, त्याला त्या मनोऱ्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

निझ्नी नोव्हगोरोद येथें निकितिननें दोन आठवडे वाट पाहिली. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस शिर्वान नांवाचें राज्य होतें. तेथील राजाचा वकील हसन बेग मॉस्कोहून परत चालला होता, आणि त्याच्याबरोबर मॉस्कोच्या महाराजानें भेट दिलेले नव्वद ससाणे होते. अशा बड्या माणसाच्या सोबतीनें जावें म्हणजे वाट निर्धोक होईल, असा व्यापाऱ्यांचा हिशेब. कझान मागें पडलें, तार्तरांची जुनी राजधानी सराई मागें पडली. पण नदीच्या मुखाशीं, अस्त्राखानापाशीं, घात झाला. चांदणी रात्र होती. नावा दृष्टीस पडल्या, तार्तरांनीं पाठलाग केला. निकितिनचा सारा माल लहान नावेंत होता, आणि ती लुटली गेली. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. पुढें कास्पियनवर वादळ झालें, एक नाव फुटली, आणि तिच्यांतलीं माणसें डोंगरी लोकांनीं धरून नेलीं. उरलेल्या नागवलेल्या रशियनांनीं शिर्वानच्या राजापाशीं मायदेशीं परतण्यापुरती मदत मागितली. माणसें फार आहेत, या सबबीवर राजानें ती नाकारली. तेव्हां ते रडत रडत पांगले. रशियांत ज्यांचें कांहीं शिल्लक होतें ते माघारीं गेले. ज्यांच्या डोक्यावर देणें होतें त्यांना घरची वाट बंद होती. निकितिन माघारीं वळला नाहीं, एवढ्यावरूनच तो कोणत्या गटांतला हें समजावें. हिंदुस्थानचा शोध लावण्याची महत्त्वाकांक्षा त्याला दक्षिणेकडे घेऊन आली नाहीं. त्याला परत जाण्यास तोंड उरलें नव्हतें.

बाकूच्या भूमींतून निघणारी, कधीं न विझणारी आग त्यानें पाहिली. त्याच्या नंतरच्या शतकांत याच बाकूजवळ सुराखानी येथें हिंदी व्यापाऱ्यांनीं अग्नीचें मंदिर बांधलें. त्याच्या भिंतींवर देवनागरी लिपींतले शिलालेख आहेत. सोव्हिएट अमदानींत, १९७५ सालीं, त्या मंदिराचें संग्रहालय करण्यांत आलें. त्वेरचें मंदिर उडविणाऱ्या राजवटीनें तेथें शिलालेख जपले. एकाच सत्तेचे हे दोन हात लक्षांत ठेवले पाहिजेत.

बाकूहून समुद्र ओलांडून निकितिन इराणांत उतरला आणि खरी खुष्कीची वाट सुरू झाली. सारी, आमुल, दमावंद पर्वत, रय, काशान, नाईन, यज्द, सिरजान, तारोम, लार अशीं एकामागून एक शहरें त्याच्या वहींत येतात. कोठें महिना, कोठें त्याहूनही अधिक मुक्काम. वर्णन थोडें, नांवें पुष्कळ. जणूं व्यापाऱ्यानें रोजमेळ लिहावा. तारोमास गुरांना खजूर चारतात, एवढी एकच गोष्ट त्याला नवल वाटून टिपावीशी वाटली. होर्मुझ बंदरांत माणसाला भाजून काढणारें ऊन आणि दिवसांतून दोनदां येणारी समुद्राची भरती त्यानें नोंदविली. उत्तरेच्या माणसाला दोन्ही गोष्टी नव्या. हिंदुस्थानांत चांगले घोडे पैदा होत नाहींत, बाहेरून गेलेल्या घोड्यास मोठी किंमत येते, हें त्या बंदरांतल्या प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक होतें. निकितिननें उरलेसुरलें सारें एका घोड्यावर लावलें. तो घोडा जुन्नरपर्यंत आणावयास शंभर रुबल पडले, असा त्याचा हिशेब आहे.

मस्कत, दीव, खंबायत या बंदरांवरून, घोडे भरलेल्या गलबतांतून सहा आठवड्यांनीं तो चौलास उतरला. तेथील पहिलाच देखावा त्याच्या मनावर ठसला. माणसें उघडीं, डोकींही उघडीं, केंसांची एक वेणी. सरदाराच्या डोक्यावर एक वस्त्र आणि कमरेस दुसरें. लहान मुलें सात वर्षांचीं होईपर्यंत दिगंबर. पण त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं जेथें जावें तेथें लोकांचा घोळका त्याच्या मागें चाले. गोरा माणूस त्यांनीं पाहिला नव्हता. चौलचे कोळी, भंडारी आणि बाजारकरी या पाहुण्याकडे टकमक पाहत होते, आणि पाहुणा त्यांच्याकडे. दोन्ही बाजूंनीं कुतूहल सारखेंच होतें. तीस वर्षांनीं कालिकतास जें झालें, त्याच्याशीं ही भेट ताडून पाहण्यासारखी आहे.

चौलहून पाली आठ दिवस, तेथून उमरी दहा दिवस, तेथून जुन्नर सहा दिवस, असा मार्ग त्यानें दिला आहे. जुन्नरास पोंचतांच पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. व्होल्गेच्या माणसाला हा नवा ऋतु होता. लोक याच पावसांत नांगरतात आणि पेरतात, गहूं, भात, हरभरा अशीं धान्यें करतात, हें त्यानें लिहून ठेवलें. नारळापासून व ताडापासून मद्य करतात. घोड्यास हरभरा देतात, आणि साखर व तेल घालून शिजविलेली खिचडीही चारतात. खिचडी हा शब्द त्याच्या रशियन वहींत तसाच्या तसा उतरला आहे. घोडे येथें उपजत नाहींत, बैल आणि रेडे उपजतात, त्यांवरच माणसें बसतात आणि ओझीं लादतात, असेंही तो सांगतो. मराठ्यांच्या घोडदळानें पुढें ज्या मुलुखाचें नांव गाजविलें, त्या मुलुखांत दीडशें वर्षांपूर्वीं घोडा ही किती दुर्मिळ चीज होती, हें या एका ओळीवरून कळतें. जुन्नर शहर माणसानें न रचलेल्या, देवानेंच घडविलेल्या खडकावर आहे आणि वर जाण्याची वाट इतकी अरुंद कीं एका वेळीं एकच माणूस चढूं शकेल, असें तो म्हणतो. तें वाचतांना शिवनेरीची आठवण कोणास होणार नाहीं? त्याच शिवनेरीवर १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म झाला.

याच जुन्नरास त्याच्यावर सर्वांत मोठा प्रसंग ओढवला. तेथील अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे, असें खानास कळलें होतें. धर्म बदललास तर घोडाही देईन आणि वर एक हजार मोहोरा देईन. न बदललास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडून हजार मोहोराही घेईन, असा त्यानें पेंच टाकला आणि चार दिवसांची मुदत दिली. परक्या देशांत, लुटला गेलेला, एकटा माणूस. सारें भांडवल म्हणजे तो घोडा. मुदत संपावयाच्या सुमारास महंमद नांवाचा खोरासानचा एक खोजा तेथें आला. निकितिननें त्याच्या पायांवर लोळण घेतली, आणि त्या भल्या मुसलमानानें खानाकडे जाऊन त्याची सुटका केली, घोडाही परत आणून दिला. एका मुसलमानानें गळा धरला आणि दुसऱ्यानें सोडविला. निकितिननें दोन्ही गोष्टी सारख्याच प्रांजळपणें लिहिल्या आहेत. त्यानंतर मात्र त्याच्या लेखणींतून एक कडवट उपदेश उतरला: ज्या ख्रिस्ती बांधवास हिंदुस्थानांत यावयाचें असेल, त्यानें आपला धर्म रशियांतच ठेवून यावें.

व्यापाराचीही निराशाच झाली. येथें माल पुष्कळ आहे असें त्याला सांगण्यांत आलें होतें. पण रशियांत खपेल असें कांहींच त्याला दिसेना. मिरीं आणि रंग स्वस्त, पण समुद्रानें न्यावें तर जकाती जबर आणि चांचे फार. घोडा अखेर बिदरास विकला गेला. बिदर ही त्या वेळीं बहामनी राज्याची राजधानी. गादीवर तिसरा महंमदशहा हा तरुण सुलतान होता. खरा कारभार मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे ‘व्यापाऱ्यांचा राजा’, ही पदवी धारण करणाऱ्या महमूद गवानाच्या हातीं होता. हा गवानही मूळचा कास्पियनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गिलानचा, आणि व्यापारी म्हणूनच दक्षिणेंत आलेला. एकाच समुद्राच्या बाजूनें आलेले हे दोन व्यापारी: एक वजीर झाला आणि १४८१ सालीं आपल्याच सुलतानाच्या हुकुमानें मारला गेला, दुसरा रिकाम्या हातानें परत निघाला.

बिदरच्या राजवाड्याचे सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावरचे पहारेकरी आणि येणाऱ्याजाणाऱ्याचीं नांवें टिपणारे कारकून यांचें वर्णन निकितिन करतो. पण त्याची दृष्टि वाड्यापाशीं थांबली नाहीं. देश दाट वस्तीचा आहे, खेड्यांतलीं माणसें अत्यंत गरीब आहेत, आणि सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवीत आहेत, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. बहामनी राज्याच्या चार मूळ तरफांपैकीं वऱ्हाड ही एक. आजच्या वाशीम जिल्ह्यांतील रिसोड व त्याच्या आसपासचा मुलूख त्याच वऱ्हाडांतला. तिकडे निकितिनचें पाऊल लागलें नाहीं. तथापि पालखींत बसलेला सरदार आणि वाटेवरचा उघडा कुणबी हें चित्र वऱ्हाडांत निराळें असण्याचें कारण नव्हतें. १४९० च्या सुमारास वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडांत इमादशाही सुरू झाली. गादी बिदरहून एलिचपुरास आली, तेव्हां रिसोडच्या काळ्या रानांत नांगर धरणाऱ्याच्या जिण्यांत काय फरक पडला? हा प्रश्न दरबारी तवारिखा वाचून सुचत नाहीं. निकितिनसारख्या वाटसरूची वही वाचल्यावर सुचतो.

बिदरास राहत असतां निकितिननें हिंदु लोकांशीं मैत्री जोडली. त्या मुलुखांत तो खोजा यूसुफ खोरासानी या नांवानें वावरत होता. पण आपण मुसलमान नाहीं, ख्रिस्ती आहों, असें त्यानें त्यांना विश्वासानें सांगितलें. त्यानंतर त्यांनीं त्याच्यापासून कांहींही लपविलें नाहीं: खाणेंपिणें, व्यापार, देवपूजा, घरचीं माणसें. त्यांच्यांत ८४ पंथ आहेत, एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवत नाहीं, सर्वजण उजव्या हातानें जेवतात, असें त्याला दिसलें. शिवरात्रीस तो त्यांच्याबरोबर एक महिन्याची वाट चालून श्रीशैलपर्वतास गेला. रशियनांचें जसें जेरुसलेम आणि मुसलमानांची जशी मक्का, तसें हें यांचें क्षेत्र, अशी तुलना त्यानें केली. उजवा हात उंच केलेली भव्य मूर्ति पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवला; काळ्या दगडाचा नंदी, त्याच्या खुरांना लोक करीत असलेलें वंदन आणि वाहिलेलीं फुलें त्यानें पाहिलीं. या वर्णनांत तुच्छतेचा शब्द नाहीं. ज्याला स्वतःच्या धर्मासाठीं जुन्नरास संकट सोसावें लागलें, तो दुसऱ्याच्या देवाकडे आदरानें पाहूं शकला.

धर्मग्रंथ लुटले गेल्यामुळें त्याला आपले सण कधीं येतात हें कळेनासें झालें होतें. उपवास केव्हां धरावा, ईस्टर केव्हां मानावें, याचा तो अंदाजानें हिशेब करी आणि चुकल्याच्या भयानें तळमळे. या तळमळींतूनच तो एका विचारापर्यंत आला. खरा धर्म कोणता हें देवच जाणे. एका ईश्वरास ओळखून, शुद्ध मनानें, असेल त्या ठिकाणीं त्याचें नांव घेणें हाच सद्धर्म, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेवलें आहे. त्याच्या प्रार्थनाही मधूनमधून तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांच्या मिश्रणांत आहेत. याच मिश्र भाषेंत त्यानें आपल्या देशाविषयींचें सर्वांत जिव्हाळ्याचें वाक्य लिहिलें. जगांत रशियासारखी भूमि नाहीं, देव तिचें रक्षण करो, असें म्हणून तो लगेच तेथील सरदार अन्यायी आहेत असें म्हणतो आणि त्या देशांत न्याय नांदो अशी करुणा भाकतो. बिदरच्या सरदारांवरची टीका त्यानें उघड रशियन भाषेंत केली. स्वदेशांतल्या सरदारांवरची मात्र परक्या भाषेच्या पडद्याआड. कदाचित् तसें करणेंच त्याला सुरक्षित वाटलें असावें.

अखेर तो दाभोळ बंदरांत आला आणि होर्मुझास जाणाऱ्या गलबतांत बसला. वाऱ्यानें गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यास नेऊन टाकलें. तेथून मस्कत, होर्मुझ, शिराझ, इस्पहान, तब्रीझ असें करीत तो काळ्या समुद्रावर त्रेबिझोंदला पोंचला. तेथें त्याचें सामान कागदपत्रांच्या संशयानें उलथेंपालथें करण्यांत आलें. पुढें क्रिमियांतील काफा. कास्पियन, हिंदी समुद्र आणि काळा समुद्र असे तीन समुद्र त्यानें ओलांडले, म्हणून त्याच्या वहीस ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ असें नांव पडलें. घर मात्र त्याला दिसलें नाहीं. स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच वाटेंत त्याचा अंत झाला. सोबतच्या व्यापाऱ्यांनीं ती वही मॉस्कोस नेली, आणि १४७५ सालीं ती महाराजाचा लेखनिक वासिली मामिरेव याच्या हातीं आली. तेथून ती बखरींत नकलून ठेवण्यांत आली आणि विस्मृतींत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासकार करमझिन याला एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत तिची प्रत सांपडली, आणि युरोपांतील विद्वानांस ती ज्ञात झाली. हिंदुस्थानांत बंडाचा वणवा पेटला त्याच १८५७ सालीं लंडनच्या हाक्लुइत संस्थेनें तिचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. १८८१ सालीं मिनायेव या संस्कृतज्ञ रशियन पंडितानें तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महायुद्ध संपून तीनच वर्षें झालीं असतां, १९४८ सालीं, सोव्हिएट विज्ञान अकादमीनें ‘साहित्यस्मारकें’ या ग्रंथमालेंत ती टीपांसह प्रकाशित केली.

त्यानंतर राजकारणाचा स्पर्श झाला. १९५५ च्या फेब्रुवारींत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला; जूनमध्यें पंडित नेहरू रशियास गेले; वर्षअखेरीस बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह हिंदुस्थानांत आले. त्वेरचा, म्हणजे तेव्हांच्या कालिनिनचा, पुतळा याच वर्षाचा. १९५७ सालीं ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनीं मिळून निकितिनवर बोलपट काढला. हिंदींत त्याचें नांव ‘परदेशी’. ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितिन झाला. नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी आणि पृथ्वीराज कपूर हीं त्यांत चमकलीं. नर्गिसनें वठविलेली चंपा आणि तिचें प्रेम यांचा मूळ वहींत मागमूसही नाहीं. पण दोन राष्ट्रांच्या मैत्रीला एक आद्य दूत हवा होता, आणि पांचशें वर्षांपूर्वींचा हा वाटसरू त्या कामास नेमका सांपडला. धीट, आशावादी आणि भविष्याकडे पाहणारा निकितिन पुतळ्यांत आणि पडद्यावर आला. देणेंकऱ्याच्या धाकानें घरीं न गेलेला, उपवासाची तिथि चुकली म्हणून रडणारा, आणि स्वदेशाच्या सरदारांना अन्यायी म्हणणारा निकितिन बाहेर राहिला.

तरीही एका गोष्टीचें श्रेय दिलेंच पाहिजे. मठ बुडविणाऱ्या आणि मंदिर उडविणाऱ्या त्याच राजवटींतल्या पंडितांनीं वहींतल्या प्रार्थना गाळल्या नाहींत. तुर्की आणि फारसी शब्दांचा अर्थ लावून त्यांनीं त्या टीपांसह छापल्या. सत्ता आणि विद्वत्ता एकाच छपराखालीं राहत असली तरी त्यांची स्मरणशक्ति निरनिराळी असते, हें यावरून शिकण्यासारखें आहे.

याच वाटेनें उलट दिशेसही एक मराठी माणूस गेला. वाटेगांवच्या मातंग कुटुंबांत जन्मलेले आणि लहानपणीं आईबापांबरोबर पायीं मुंबईस आलेले अण्णाभाऊ साठे १९६१ सालीं सोव्हिएट रशियास जाऊन आले, आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. निकितिनची नाव ज्या व्होल्गेवरून गेली, तिच्याच कांठच्या स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनीं आधींच रचला होता. २०२२ सालीं मॉस्कोंतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयांत त्यांचा पुतळा बसविण्यांत आला. एका गरीब रशियनाचें स्मारक आणि एका गरीब मराठी माणसाचें स्मारक, दोन्हीं त्या उत्तरेच्या देशांत उभीं आहेत. दोघांविषयींही सावधगिरी एकच: पुतळ्यास हार घालणें सोपें, पुस्तक उघडणें कठीण.

चौलच्या शेजारीं रेवदंड्यासही निकितिनच्या आगमनाचा स्मारकस्तंभ उभा आहे. किनारा पाहावयास जाणारी मंडळी त्याच्यापुढें क्षणभर थांबतात आणि पुढें जातात. त्या दगडावर नांव आहे. जुन्नरचा चिखल, असदखानाची मुदत, खोरासानी खोजाची दया आणि खेड्यांतल्या उघड्या माणसांची नोंद पाहावयाची तर वहीच वाचली पाहिजे. आपल्या मुलुखांतल्या पंधराव्या शतकांतील रयतेविषयीं लिहिलेले कागद फार थोडे आहेत. त्यांतला एक व्होल्गेच्या कांठच्या, घर न गांठूं शकलेल्या माणसानें लिहिला. तो मराठी घरांत वाचला जाणें हेंच त्याचें खरें स्मारक ठरेल.